फवारणीनंतरही मावा आणि पिठ्या ढेकूण परत येतात? खोडावरची मुंग्यांची रांग तपासा

फवारणी केली की आठ-दहा दिवस झाड स्वच्छ दिसतं. मग त्याच बेचक्यात पुन्हा पांढरा कापूस धरतो, पानांवर चिकटा येतो आणि चिकट्यावर काजळी चढते. औषध बदलून, मात्रा वाढवून पाहिली तरी गाडी तिथेच. अशा वेळी पहिली शंका औषधावर जाते. त्याआधी दोन मिनिटं खोडाजवळ बसून एवढंच बघा, की खोडावरून मुंग्यांची रांग वर-खाली चालू आहे का. असेल तर औषध चांगलं असूनही कीड परत येणार, कारण तिला राखण आहे.

हे असं का होतं

मावा, पिठ्या ढेकूण, मऊ खवले कीड, पांढरी माशी, लिंबूवर्गीय झाडांवरची सिला हे सगळे झाडाचा अन्नरस पितात. या रसात साखर भरपूर आणि नत्र फारच कमी. पुरेसं नत्र मिळवायला किडीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस प्यावा लागतो आणि उरलेली साखर ती मागच्या बाजूने थेंब-थेंब टाकते. हाच चिकटा. मुंग्यांना तो आयता खुराक.

भिंग घेऊन बघितलं तर हा व्यवहार स्पष्ट दिसतो. मुंगी आपल्या मिशांनी पिठ्या ढेकणाच्या पाठीमागे हलकेच टकटक करते, एक पारदर्शक थेंब बाहेर येतो, मुंगी तो पिते आणि पुढच्या किडीकडे सरकते. वर चढणाऱ्या मुंगीचं पोट बारीक असतं. खाली उतरणारीचं पोट फुगून ताणलेलं असतं, उन्हात धरलं तर आरपार दिसतं. लहान काळ्या किंवा तपकिरी मुंग्यांमध्ये हा फरक नुसत्या डोळ्यांनीही कळतो. रांगेतल्या मुंग्या चिकट्यासाठीच वर जातात की नुसत्या फिरतात, हे ओळखायला यापेक्षा सोपी खूण नाही.

बदल्यात मुंग्या किडीची राखण करतात. परोपजीवी गांधीलमाशीला किडीच्या अंगात अंडं घालायला काही क्षण निवांत बसावं लागतं, मुंग्या तिला बसूच देत नाहीत. ढालकिडा आणि क्रायसोपा या कीड खाणाऱ्या मित्रकीटकांच्या अळ्यांना चावून खाली पाडतात, अंडी उचलून नेतात. चिकटा पिऊन टाकल्यामुळे किडीची पिल्लं त्यात बुडून किंवा बुरशीने मरत नाहीत, वसाहत स्वच्छ राहते. काही जातींच्या मुंग्या पिल्लं उचलून नव्या फुटीवर किंवा मुळांवर नेऊनही ठेवतात. अर्थात पिठ्या ढेकणाचा सगळा प्रसार मुंग्यांच्या माथी मारणं चुकीचं आहे. वारा, मजुरांचे कपडे, छाटणीच्या कात्र्या, क्रेट आणि रोपवाटिकेतून आलेली रोपं यांतूनही तो भरपूर पसरतो.

आता फवारणीचं गणित बघा. व्यापक परिणामाचं औषध, त्यातही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं, मारलं की सगळ्यात आधी मित्रकीटक मरतात. पिठ्या ढेकूण मेणाखाली, सालीच्या भेगांत, फळाच्या देठाशी सुरक्षित राहतो. खोडावरच्या मुंग्या मरतात, पण वारुळातल्या शाबूत असतात. दोन दिवसांत नवी रांग लागते. म्हणजे किडीला खाणारा कोणी उरलेला नसतो आणि राखणदार मात्र हजर असतो. दुसऱ्या फवारणीनंतर प्रादुर्भाव पहिल्यापेक्षा वाढतो तो यामुळे.

आधी खात्री करा, मुंग्याच कारण आहेत ना

झाडावर मुंग्या दिसल्या म्हणजे कीड आहेच असं नाही. चवळी, कापूस, एरंडी, काजू यांच्या पानांवर, देठांवर किंवा फुलोऱ्यात मधुग्रंथी असतात. कापसाच्या पानाच्या मागे मधल्या शिरेवरची ती छोटी खळगी म्हणजे हीच ग्रंथी. मुंग्या तिथला गोड स्राव पितात आणि उलट अळ्यांची अंडी व लहान अळ्या टिपतात. अशा ठिकाणी मुंग्या मारणं म्हणजे फुकटचा राखणदार घालवणं.

दुसरं, कठीण कवचाची खवले कीड चिकटा टाकत नाही. थ्रिप्स आणि कोळीही टाकत नाहीत. या किडींसाठी मुंग्यांचा बंदोबस्त केला तर मेहनत वाया. कवच नखाने उचलून बघा: कवच सुटून येतं आणि कीड खाली वेगळी राहते, तर ती कठीण कवचाची. कवच आणि कीड एकच असेल, चिरडल्यावर ओलसर चिकट लागेल, तर ती मऊ खवले कीड आणि तिच्यामागे बहुधा मुंग्या असतात.

रांग शेवटपर्यंत मागे काढा, वरही आणि खालीही. वर ती किडीच्या वसाहतीपाशी संपली पाहिजे. खाली ती बांधावर, ठिबकच्या ओलाव्याशी, दगडाखाली, जुन्या खुंटाशी किंवा आच्छादनाखाली वारुळात शिरते. ती जागा खूण करून ठेवा, पुढे आमिष तिथेच लागणार आहे.

खात्रीचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे छोटी तुलना. सारख्या प्रादुर्भावाची दहा झाडं निवडा. पाचांच्या खोडाला चिकट पट्टा लावून मुंग्या पूर्ण तोडा, पाच तशीच ठेवा. दहाही झाडांवर फवारणी नको. चार ते सहा आठवड्यांनी दोन्हीकडच्या वसाहती भिंगाखाली बघा. पट्टा असलेल्या झाडांवर फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा मावा दिसेल, पाठीवर गोल छिद्र असेल. पिठ्या ढेकणाच्या बाबतीत पिंपासारखी कडक तपकिरी ममी दिसते. या ममी म्हणजे आतून परोपजीवीने खाल्लेली कीड. पट्ट्याच्या झाडांवर ममी भरपूर आणि शेजारी नगण्य, असं असेल तर दोष मुंग्यांचाच.

याच वेळी एक नोंद सुरू करा. वीस झाडं ठरवून घ्या आणि सकाळी, ऊन तापायच्या आत, गुडघ्याच्या उंचीवर खोडावरची एक रेषा एका मिनिटात किती मुंग्या ओलांडतात ते मोजा. पुढचे सगळे उपाय लागू पडले की नाही, हे या आकड्यावरून ठरवायचं. नजरेच्या अंदाजावर विसंबलं की दर वेळी ‘कमी झाल्यासारख्या वाटतात’ एवढंच हाती लागतं.

वारुळावर औषध ओतून का भागत नाही

बाहेर दिसणाऱ्या मुंग्या वारुळाचा लहानसा हिस्सा असतात. राण्या, अंडी, अळ्या आत खोल. काही जातींमध्ये एका वारुळात अनेक राण्या असतात आणि धोका जाणवला की एक राणी काही कामकऱ्यांना घेऊन शेजारी नवं घर करते. वरून औषध किंवा उकळतं पाणी ओतलं की एकाची तीन वारुळं होतात ती अशी. रॉकेल आणि जळकं ऑइल ओतण्याची सवय तर पूर्ण सोडावी, त्याने माती आणि मुळं जातात, राणी नाही.

राणीपर्यंत पोहोचायचं तर मुंगीच्याच हातून. कामकरी मुंगी पोटात साठवलेलं अन्न तोंडातून दुसरीला देते, ती तिसरीला, अशी ती वाटणी अळ्या आणि राणीपर्यंत जाते. यासाठी विष इतकं सौम्य हवं, की नेणारी मुंगी दोन-तीन दिवस ठणठणीत राहून ते वाटत राहील. सगळं गणित या एका अटीवर आहे आणि बहुतेकांचं आमिष इथेच फसतं: ‘जरा जास्त घालू, लवकर मरतील.’ जास्त घातलं की मुंगी वाटेतच मरते किंवा आमिष तोंडाला लावत नाही.

गोड आमिष: मात्रा आणि मांडणी

चिकट्यावर जगणाऱ्या बहुतेक मुंग्यांना 25 टक्के साखरेचं पाणी आवडतं, कारण ते चिकट्याच्या जवळचं आहे. त्यात बोरिक ॲसिड अर्धा टक्का, फार तर 1 टक्का.

1 लिटरसाठी सुमारे 800 मि.लि. कोमट पाणी घ्या, त्यात 5 ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवा, मग 250 ग्रॅम साखर घाला आणि शेवटी पाणी घालून 1 लिटर करा. पाणी आधीच लिटरभर घेतलं तर साखरेने आकारमान वाढतं आणि द्रावण पातळ होतं. बोरिक ॲसिड छोट्या वजनकाट्यावरच मोजा. चमच्याने घेतलं तर शिगोशीग चमच्यात मात्रा सहज दुप्पट होते. खाण्याचा रंग दोन थेंब घाला, म्हणजे कोणी सरबत समजून पिणार नाही, आणि भांड्यावर ‘विष’ असं लिहून ठेवा.

बोरिक ॲसिडऐवजी टाकणखार म्हणजे बोरॅक्स असेल तर मात्रा बदलते. बोरिक ॲसिडमध्ये बोरॉन साधारण 17.5 टक्के, बोरॅक्समध्ये 11.3 टक्के. म्हणून 5 ग्रॅम बोरिक ॲसिडच्या जागी जवळजवळ 8 ग्रॅम बोरॅक्स लागतं. खत म्हणून मिळणारं 20 टक्के बोरॉन वापरलं तर 4.4 ग्रॅम पुरे. तिन्हींना एकच मात्रा धरली की आमिष एकदा कमजोर आणि एकदा जहाल होतं. आणि कोणतंही घटकद्रव्य किंवा तयार आमिष वापरण्याआधी ते तुमच्या पिकात वापरायला मान्य आहे का, हे लेबलवर बघा. निर्यातीच्या मालाला हे दोनदा बघा.

गुळाचं पाणी चालतं, पण ते लवकर आंबतं. साखर बरी.

डबा घट्ट झाकणाचा, प्लॅस्टिकचा. तळापासून दोन सें.मी. वर चारी बाजूंनी 3 मि.मी.ची छिद्रं पाडा. आत स्पंज किंवा कापसाचा बोळा ठेवा आणि द्रावण स्पंज भिजेल इतकंच, छिद्रांच्या बरंच खाली राहील असं ओता. नुसतं द्रावण ठेवलं तर मुंग्या बुडतात आणि मेलेल्या मुंग्यांच्या वासाने बाकीच्या फिरकत नाहीत. छिद्र 3 मि.मी. का? मधमाशी त्यातून आत जात नाही. झाकण नसलेली बशी किंवा करवंटी ठेवण्याचा सल्ला ऐकू येतो, तो मानू नका: फुलोऱ्याच्या दिवसांत त्यावर मधमाश्याच आधी येतात.

डबा रांगेच्या वाटेवर, सावलीत, खोडाला तारेने बांधून किंवा दगडाने दाबून ठेवा. वाटेपासून हातभर लांब ठेवलेला डबा मुंग्यांना सापडायला दिवस जातात. वाट ज्या ज्या झाडांवर आहे तिथे, आणि मध्ये दर 10 ते 15 मीटरला एक, अशी सुरुवात ठीक. कडेला, बांधाला आणि पाण्याच्या चारीला जास्त लावा, वारुळं तिथेच जास्त असतात. कलंडलेला डबा झाडाच्या बुडाशी रिकामा होऊ देऊ नका. बोरॉनची गरज आणि बाधा यांतलं अंतर फार कमी आहे. द्राक्ष आणि लिंबूवर्गीय झाडं त्याला विशेष हळवी असतात, जून पानांच्या कडा आणि टोकं करपू लागतात. उरलेलं द्रावण ओळीत ओतून टाकणं हीही तीच चूक.

पहिल्या दोन-तीन दिवसांत डब्यावर मुंग्यांची झुंबड उडते, खोडावरची संख्या कमी होत नाही. हे चांगलं लक्षण आहे. याच वेळी घाबरून कोणी डब्यावर फवारा मारला की सगळं मुसळ केरात. खरी घट दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि तोपर्यंत डबा कोरडा पडता कामा नये. उष्ण हवेत द्रावण आठवड्याने बदला, आंबूस वास किंवा बुरशीचा तवंग दिसला तर त्याआधीच. वाफ होऊन घट्ट झालेल्या द्रावणात बोरॉनही घट्ट झालेलं असतं, म्हणून त्यात वरून भर घालू नका. जुनं द्रावण ओळीबाहेर टाकून, डबा धुऊन नवं भरा.

डब्याकडे मुंग्या येतच नसतील तर कारण बहुधा या तिघांपैकी एक. झाडावर चिकटा इतका आहे की साखरपाण्याची गरजच नाही. डब्याच्या जागेवर किंवा हाताळणाऱ्याच्या हातावर कीटकनाशकाचा अंश आहे. किंवा ती जात गोडाची नाही.

पहिल्या कारणावर उपाय वेळेचा. आमिष किडीच्या आधी लागलं पाहिजे: नवी फूट सुरू होताना, मुंग्यांची रांग नुकती दिसू लागली की. हंगाम हातातून गेला असेल तर आधी साबणाच्या द्रावणाने वसाहती धुऊन चिकटा कमी करा आणि मग डबे मांडा. हा क्रम उलटा झाला की ‘आमिष चालत नाही’ असा गैरसमज पक्का होतो.

तिसऱ्या कारणाची चाचणी एका तासाची. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एका टोकाला साखरपाण्याचा बोळा, दुसऱ्या टोकाला तेलात भिजवलेला भरडा आणि मधे माशाचा किंवा अंड्याचा बारीक तुकडा ठेवा. पुठ्ठे संध्याकाळी वाटेवर ठेवून अर्ध्या-एक तासाने बघा. मोठ्या डोक्याच्या आणि आग लावणाऱ्या तांबड्या मुंग्या बऱ्याचदा तेल-प्रथिनांकडे जातात. त्यांच्यासाठी तेलकट दाणेदार तयार आमिष लागतं. ते कोरड्या जमिनीवर, पुढचा दिवसभर पाऊस-पाणी नसेल तेव्हा आणि माती साधारण 21 ते 35 अंशांत असताना टाकावं. भर दुपारी तापलेल्या मातीवर टाकलेलं आमिष मुंग्या बाहेर पडेपर्यंत निकामी होतं. पुडा उघडल्यावर तेल खवट होतं, म्हणून मागच्या वर्षीचा उरलेला पुडा वापरण्यात अर्थ नाही. आणि तो कीटकनाशकांच्या खोलीत ठेवू नका, वास धरतो.

खोडाचा पट्टा: काम सोपं, पण पूल सगळीकडे

एकाच खोडाच्या फळझाडांत पट्टा हा सगळ्यात झटपट उपाय. आंब्याच्या पिठ्या ढेकणासाठी जी पद्धत रूढ आहे तीच इथे चालते: 25 ते 30 सें.मी. रुंदीची 400 गेजची पॉलिथिनची पट्टी, जमिनीपासून 30 सें.मी. किंवा त्याहून वर, दोन्ही कडांना सुतळीने आवळून. सालीच्या खाचा आधी चिखलाने लिंपून बुजवा, नाहीतर मुंग्या पट्टीखालून आरामात जातात. नुसतं गुळगुळीत पॉलिथिन मुंग्यांना पुरत नाही. आंब्याच्या ढेकणाची पिल्लं घसरतात, मुंग्या घसरत नाहीत. म्हणून पट्टीवर 10 सें.मी.चा तरी चिकट लेप हवा.

लेप थेट सालीवर कधीही लावू नका. गाडीचं ग्रीस तर नाहीच, ते सालीत झिरपून खोड भाजतं. कोवळ्या झाडांना काळ्या किंवा गडद पट्टीखाली उन्हाचा चटका बसतो, तिथे फिकट रंगाची पट्टी वापरा. एकाच जागी महिनोन्‌महिने पट्टी राहिली की आत ओल धरते, साल कुजते. महिन्या-दीड महिन्याने वर-खाली सरकवा.

पट्टा चांगला आणि मुंग्या तरी वर, तर पूल शोधा. जमिनीला टेकलेली फांदी, खोडाला लागलेलं उंच तण, आधाराची काठी, ठिबकची नळी, शेजारच्या झाडाशी जुळलेली फांदी, कोळ्याचं जाळं, लेपावर पडलेलं एक वाळकं पान. एक पूल पुरतो. झाडाचा घेर खालून 60 ते 75 सें.मी. उचलून छाटा आणि ती पातळी वर्षभर राखा, कारण फळांच्या भाराने फांद्या पुन्हा टेकतात. दर दोन आठवड्यांनी लेपावर बोट फिरवून बघा. धूळ आणि मेलेल्या मुंग्यांचा थर बसला की तोच रस्ता होतो, काडीने ढवळा किंवा लेप बदला. पट्टा लावण्याच्या दिवशी वर असलेल्या मुंग्यांना खाली यायची वाट नसते. त्या काही दिवस वरच दिसतील, त्यावरून पट्टा फसला असं समजू नका. मात्र मुंग्यांनी वरच्या पोकळ फांदीत किंवा वाळक्या लाकडात घर केलेलं असेल तर पट्ट्याने काहीच साधणार नाही. आधी ते लाकूड कापा.

मांडवावरच्या वेलींना, म्हणजे द्राक्षाला, पट्ट्याच्या नादी लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. खोड, खांब, तारा, नळ्या, सगळ्याच वाटा. एकरभरात शेकडो पट्टे लावून शेवटी एका तारेवरून रांग चालूच राहते. तिथे आमिषच. सोबत सैल साल काढून टाका, पिठ्या ढेकूण आणि मुंग्या दोन्ही तिच्याखाली दडतात.

ओळीच्या आणि हंगामी पिकांत

भेंडी, कापूस, चवळी, ऊस यांत पट्टा शक्य नाही, आणि पीक काही महिन्यांचंच असल्याने प्रत्येक वारुळामागे लागण्यातही अर्थ नाही. प्रादुर्भाव बहुतेक वेळा कडेने सुरू होतो. बांधावरचं गाजर गवत, पेटारी, जास्वंदीचं कुंपण ही पिठ्या ढेकणाची कायमची घरं. पेरणीआधी ती काढा, आणि उपटलेलं तण बांधावर रचून ठेवू नका, वाळलं की कीड तिथून पिकात उतरते. आमिषाचे डबे कडेच्या चार-पाच ओळींत आणि बांधाला. उभ्या पिकात पहिलं झाड सापडलं की तेच पिशवीत घालून बाहेर न्या. नत्र जास्त झालेल्या लुसलुशीत पिकावर मावा आणि पिठ्या ढेकूण जोराने वाढतात, तेव्हा युरियाचा हात आखडता घ्या. उसात खालचं वाळलेलं पाचट काढलं की कांड्यांवरच्या ढेकणाचा आडोसा जातो.

झाड मलूल, वर कीड नाही, आणि बुडाशी मुंग्यांनी उकरलेली बारीक भुसभुशीत माती: असं दिसलं तर एक झाड मुळासकट काढून बघा. मुळांवर पांढरा ढेकूण किंवा मावा असेल. अशा ठिकाणी वरून कितीही फवारलं तरी उपयोग शून्य.

पाने शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं काय

आंबा, काजू, लिंबूवर्गीय झाडांवर पानं जोडून गोळा करणाऱ्या मोठ्या तांबड्या मुंग्या वेगळ्या हिशोबात धरा. त्या खवले कीड आणि ढेकूण पाळतात हे खरं, पण अळ्या, ढेकण्या आणि तुडतुडेही मोठ्या प्रमाणात मारतात. काजूवरच्या टी मॉस्किटो बगवर त्यांचा चांगला वचक असतो. चीनमध्ये संत्र्याच्या बागांत त्या मुद्दाम आणून सोडत, याची नोंद इ.स. 304 च्या सुमाराची आहे. म्हणून सरसकट नायनाट नको. ज्या घरट्यांत पिठ्या ढेकूण पाळलेला दिसतो तेवढीच घरटी फांदीसकट कापा, बाकीची ठेवा. तोडणीच्या वेळी त्या कडकडून चावतात, हा त्रास खरा. त्यासाठी तोडणीच्या झाडांपुरता बंदोबस्त करा.

मुंग्या तुटल्यावर पुढे

मुंग्या तुटल्या म्हणजे कीड आपोआप गेली असं नाही. आता फक्त मित्रकीटकांची वाट मोकळी झाली. दाट वसाहती असतील तर पोटॅशियम साबणाचं 1 ते 2 टक्के द्रावण, लेबलप्रमाणे, पानांच्या खालून आणि बेचक्यांत थेट किडीवर पडेल असं मारा. साबण ओला असेपर्यंतच काम करतो. कठीण पाण्यात तो फाटतो, तेव्हा फेस येतो का ते आधी बादलीत बघा. धुण्याची पावडर नको, पानं करपतात. भर उन्हातही नको.

पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलीमस हा ढालकिडा सोडायचा तर रांग तुटल्यावरच सोडा, साधारण झाडामागे 10 प्रौढ. त्याच्या अळ्या अंगावर पांढरं मेण घेऊन हुबेहूब पिठ्या ढेकणासारख्या दिसतात. मोठ्या, लांब मेणाच्या झालरीच्या आणि चटचट चालणाऱ्या असतात त्या अळ्या, त्यांना ढेकूण समजून फवारू नका. बुप्रोफेझिनसारखी वाढ रोखणारी औषधं ‘मित्रकीटकांना सौम्य’ म्हणून खपतात, पण ढालकिड्याच्या अंडी-अळ्यांना ती बाधतात. सोडणीच्या आगेमागे ती टाळा.

एक गोष्ट मात्र हमखास गोंधळात टाकते. मुंग्या बंद झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चिकटा आणि काजळी वाढलेली दिसते. चिकटा तेवढाच पडतो आहे, फक्त तो पिणारं कोणी राहिलेलं नाही. याच टप्प्यावर बहुतेक जण कडक औषध मारून सगळं पुन्हा शून्यावर आणतात. तसं करू नका. पंपाने साध्या पाण्याचा जोरदार फवारा द्या, चिकटा आणि धूळ दोन्ही जातात, काही कीडही पडते. मग ममी मोजायला लागा. पाच-सहा आठवड्यांनंतरही रांग तुटलेली, पण ममी आणि ढालकिडे दोन्ही नाहीत, तर कच्च्या रस्त्याची धूळ पानांवर बसते का ते बघा, कारण धुळीच्या पानावर परोपजीवी नीट फिरू शकत नाही. आणि शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्याने तुमच्या ओळींवर येतो का, हेही तपासा.